परिच्छेद तीनवरील अभिप्राय

कचरूचा जबाब मीच लिहून घेतला होता. साडेतीन पाने, निळ्या शाईत, माझ्या अक्षरात. शेवटी त्याची सही. तो चौथीपर्यंत शिकला होता आणि अंगठा पुढे करायला सांगितले की त्याला राग येई. सही करताना तो जीभ दातांत धरी आणि 'रू'चा उकार खाली लांबवर ओढी.

त्या साडेतीन पानांपैकी दोन वाक्येच कार्यालयाबाहेर गेली. ती मी निवडली होती.

तीर्थपुरीच्या पुढे पाच किलोमीटरवर ओढ्याला आडवा मातीचा बांध घालून आमच्या विभागाने एक पाझर तलाव बांधला होता. मी त्या शाखेचा कनिष्ठ अभियंता होतो आणि कचरू तिथला चौकीदार, रोजंदारीवरचा. पाच वर्षे सलग भरली की रोजंदारीच्या माणसाला कायम यादीत घेत. कचरूची चार वर्षे आणि तीन महिने भरले होते. हा हिशेब तो मला न विचारता सांगत असे. "आता नऊ म्हैने राह्यले साहेब. बाई पोटुशी राह्यली तरी तेवढेच लागतेत," असे म्हणून स्वतःच हसे.

बांधाकडे कसे पाहायचे ते त्याला मी शिकवले होते. मातीच्या बांधाच्या पायथ्याशी थोडे पाणी झिरपतेच. ते स्वच्छ असेल तर काळजीचे कारण नाही. गढूळ आले तर ते बांधाच्या पोटातली माती घेऊन येत आहे, असे समजायचे आणि तासाभराचाही उशीर करायचा नाही. तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षी आम्हाला हे आकृतीसह शिकवले होते. मी कचरूला पितळी तांब्यात पाणी धरून ते उन्हात पाहायला शिकवले. रोज सकाळ-संध्याकाळ तो तसे करी.

एकोणीसशे एकोणनव्वदच्या सप्टेंबरात पाच दिवस झड लागली होती. सहाव्या दिवशी दुपारी आमचे उपअभियंता हिंगणीकर साहेब मोजमाप पुस्तके तपासायला तीर्थपुरीच्या कॅम्पवर आले होते. साडेतीनच्या सुमारास कचरू सायकल ढकलत आला. चिखलाने चाके जाम झाली होती. त्याच्या हातात तांब्या होता आणि तांब्याच्या तोंडाला फडके बांधलेले होते.

"साहेब, बांधाच्या बुडातून गढूळ येऊन राह्यलं," तो दारातूनच म्हणाला. "सकाळी बारीक धार व्हती, आता मनगटाएवढी झाली. हे बघा, आणलंय."

त्याने फडके सोडले. मी पाहिले. तळाला बोटभर माती बसली होती.

हिंगणीकर साहेबांनी पुस्तकातून मान वर केली. "पाऊस पडतोय, तर पाणी गढूळच येणार. दूध येणार का?"

"तसं न्हाई साहेब. हे वरचं न्हाई, बुडातलं हाये. या साहेबांनी सांगितल्यालं हाये मला, गढूळ दिसलं की जल्दी यायचं."

हिंगणीकर साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी तांब्याकडे पाहत होतो. त्या क्षणी मी म्हणायला हवे होते की साहेब, सांडव्याची कड फोडून पाणी उतरवावे लागेल, मजूर लागतील, आत्ता निघावे लागेल. हे सगळे मला माहीत होते. माझा वार्षिक गोपनीय अहवाल त्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर होता, हेही माहीत होते. मी फडके पुन्हा तांब्याच्या तोंडाला बांधले.

"या रस्त्याला जीप जाणार नाही," साहेब म्हणाले. "सकाळी बघू. तू भिजलायस, घरी जा. जेव आणि झोप."

"मंग बांधावर जाऊ नको?"

"घरी जा म्हटलं ना. बांधावर जाऊन काय करणार आहेस, हात लावून धरणार आहेस?"

कचरू घरी गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बांध फुटला. माणूस गेला नाही. खालच्या अंगाला चाळीस एकरांतली कापूस आणि तुरीची उभी पिके, आणि त्यांच्याखालची माती, ओढ्यात गेली. पुंजाराम नावाच्या शेतकऱ्याची बैलजोडी दावणीलाच बुडाली.

वरून चौकशीचा आदेश आला, आणि चौकशी करायला उपविभागातलाच अधिकारी नेमला गेला. म्हणजे हिंगणीकर साहेब. त्यांनी जबाब नोंदवण्याचे काम मला दिले.

जबाब लिहिण्याची आमच्या कार्यालयात एक रीत होती. माणूस त्याच्या बोलीत बोले, आम्ही ते कार्यालयीन मराठीत लिहीत असू, मग त्याला वाचून दाखवत असू आणि तळाला लिहीत असू: 'वाचून दाखविला, बरोबर आहे.' माझ्यापुरते मी जास्त काळजी घेई. वेळ, अंतर, माप हे माणूस सांगेल तसेच टिपायचे. कचरूनेही मला सूट दिली नाही.

"चार वाजता लिव्हलं व्हय? चार न्हाई, साडेतीन. शाळा सुटली नव्हती."

"बरं, साडेतीन."

"आन् तांब्या आणल्ता तेबी लिव्हा."

"लिहिलंय."

"तुमी तिथं व्हते तेबी लिव्हलं?"

मी लिहिले होते. "या वेळी शाखा अभियंता उपस्थित होते." त्याने ते वाक्य मला दोनदा वाचायला लावले, समाधानाने मान हलवली आणि जीभ दातांत धरून सही केली. त्याच्या दृष्टीने मी तिथे होतो ही त्याची सर्वांत भक्कम बाजू होती.

आठवड्याने हिंगणीकर साहेबांनी मला बोलावले. समोर ती साडेतीन पाने होती.

"एवढं पुराण वर कोण वाचणार? गोषवारा करा. मुद्द्याचं तेवढं ठेवा. बांध फुटला तेव्हा चौकीदार कुठे होता, हा मुद्दा आहे."

"साहेब, तो घरी का गेला हेही..."

"तुम्ही त्या वेळी तिथे होतात, नाही का?" त्यांनी शांतपणे विचारले. "तांब्यातलं पाणी तुम्ही पाहिलंत. डिप्लोमा तुमचा आहे. मी तर पुस्तकं तपासत होतो. जबाब पूर्ण पाठवायचा असेल तर पाठवू. माझी हरकत नाही."

मी गोषवारा केला. कचरूचा जबाब त्यात असा आला: चौकीदाराने स्वतः कबूल केले आहे की, "मी घरी गेलो. बांध फुटला त्या वेळी मी बांधावर नव्हतो." अवतरणचिन्हे मी पट्टीने आखल्यासारखी नीट काढली. पहिल्या वाक्याच्या आधी मूळ जबाबात 'साहेबांनी घरी जाण्यास सांगितले म्हणून' असे शब्द होते. तिथपासून मी उचलले नाहीत, त्याच्या पुढून उचलले. एवढेच केले.

महिन्याभरात कचरूला कामावरून कमी केल्याचा आदेश निघाला. 'कर्तव्यात हयगय करून जागा सोडली.' तोंडी बातमी आदेशाच्या आधीच गावात पोचली होती. तिथे तिचे रूप आणखी सोपे झाले: कचरू झोपला होता. पुंजाराम तर भर चावडीवर म्हणे, "आमचे बैल मेले अन् हा घोरत पडला व्हता. सोताच लिहून देल्लंय त्यानं." गावच्या पिठाच्या गिरणीवर गोजरबाईचा, म्हणजे कचरूच्या बायकोचा, डबा मागे सरकवू लागले. नोकरी गेली हे कचरूने सोसले असते. स्वतःच लिहून दिले, हे त्याला सोसेना.

"म्या असं कुठं लिहून देल्लं साहेब?" तो मला विचारायला आला. "तुमीच लिव्हलं ना. तुमाला तर सारं ठावं हाये."

"वर अपील करता येतं," मी म्हणालो. ते खरे होते. "अधीक्षक अभियंत्यांकडे. मराठीत साधा अर्ज कर. काय घडलं ते क्रमाने सांग."

त्याने ऐकले असते तर पुढचे सगळे वेगळे झाले असते. त्याने माझे अर्धे ऐकले. अपील केले, पण इंग्रजीत.

जालन्याला सदर बाजारात बद्रीनारायणजी म्हणून एक सद्गृहस्थ टायपिंगचे वर्ग चालवत. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेले कुटुंब. स्वभाव मोठा मोकळा. दुपारी वर्ग रिकामा असला की ते गरजूंचे अर्ज इंग्रजीत टाइप करून देत, पैसे घेत नसत. आमच्या भागात लोकांची एक पक्की समजूत होती की मराठी अर्ज कारकून बाजूला टाकतो, इंग्रजी अर्ज मात्र त्याला कळत नाही म्हणून थेट साहेबांपुढे जातो. कचरू एसटीने जालन्याला गेला, दोन तास आपली हकिकत सांगितली, आणि बद्रीनारायणजींनी ती पान-सव्वापानात बसवली.

"भारी झालंय साहेब," कचरू मला कार्बनची प्रत दाखवत म्हणाला. "शेठजी म्हणले, असा शब्द टाकलाय की साहेब खुर्चीतून उठंल. बिलकुल सोडायचा न्हाई म्हणले."

तो शब्द परिच्छेद तीनमध्ये होता. संपूर्ण अपिलात जबाबाविषयी तेवढे एकच वाक्य होते: अपीलकर्त्याचा जबाब चौकशी अहवालात मिसकोट करण्यात आला आहे. तांब्याचा उल्लेख नव्हता. साडेतीनचा नव्हता. साहेबांनी घरी जायला सांगितले, हे नव्हते. एवढ्या एका शब्दात सगळे आले, असे बद्रीनारायणजींना मनापासून वाटले असणार.

अधीक्षक अभियंत्यांच्या मंडळ कार्यालयाने ते अपील परिच्छेदनिहाय अभिप्रायासाठी खाली पाठवले, आणि अभिप्राय लिहायला ते माझ्याच टेबलावर आले.

तंत्रनिकेतनात असताना मी एक जाड इंग्रजी शब्दकोश घेतला होता. तो मी काढला. मिसकोट आणि मिसरिपोर्ट हे दोन शब्द एकाच पानावर होते. पहिल्याचा अर्थ, माणसाचे शब्द बदलून सांगणे. दुसऱ्याचा अर्थ, घडलेली किंवा बोललेली गोष्ट चुकीची कळवणे. दुसऱ्यात शब्द बदलावेच लागतात असे नाही. माणसाचे शब्द अक्षरशः तसेच ठेवून, फक्त त्यांच्या शेजारचे काढून घेऊनही ते साधते. कचरूच्या बाबतीत मी दुसरी गोष्ट केली होती. अपिलात आरोप पहिल्या गोष्टीचा होता.

मी आधी एक मसुदा लिहिला. 'अवतरणातील शब्द बरोबर आहेत, मात्र त्यांच्या आधीचा मजकूर वगळला गेल्याने अर्थ पालटला आहे.' हे वाक्य मी पेन्सिलीने लिहिले होते. हिंगणीकर साहेबांनी ते वाचले, तेव्हा ते रागावले नाहीत.

"अपिलात विचारलंय काय?"

"जबाब मिसकोट झाला, असं म्हटलंय."

"झालाय का?"

"नाही."

"मग तेवढंच लिहा. परीक्षेत न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहिलंत तर मार्क मिळतात का?" ते हसले. "त्या टायपिंगवाल्यानं तुमचं काम सोपं करून ठेवलंय. त्याला चहा पाजा."

मी पेन्सिलीचे वाक्य खोडरबराने पुसले आणि शाईने लिहिले: 'परिच्छेद तीन अमान्य. अपीलकर्त्याचा जबाब मिसकोट झालेला नाही. अहवालात अवतरणचिन्हांत दिलेला प्रत्येक शब्द त्याच्या सहीच्या जबाबात जसाच्या तसा आहे. संबंधित उताऱ्याची साक्षांकित प्रत सोबत जोडली आहे.' उतारा म्हणजे तीच दोन वाक्ये. साक्षांकन माझेच. यातल्या एकाही शब्दावर कोणी बोट ठेवू शकले नसते, आणि कोणी ठेवलेही नाही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये अपील फेटाळल्याचे पत्र आले. कचरू ते घेऊन माझ्या घरी आला. पाकीट त्याने फोडलेही नव्हते.

"इंग्रजीत दिल्तं म्हणून इंग्रजीतच आलं," तो म्हणाला. "शेठजीकडं जायला जालन्याचा खर्चा. म्हणलं आपले साहेब हायेत की."

मी त्याला बसायला सांगितले. पत्र एका पानाचे, पाच परिच्छेदांचे होते. मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगत गेलो. अपील क्रमांक अमुक, दिनांक तमुक. शाखा अभियंत्याचा अभिप्राय पाहिला. साक्षांकित उतारा पाहिला. जबाबातील शब्दांत कोणताही बदल आढळत नाही. सबब अपील फेटाळण्यात येत आहे.

चार परिच्छेद झाले. पाचव्यात लिहिले होते की अपीलकर्त्यास संपूर्ण जबाबाची नक्कल मागण्याचा अधिकार आहे, कार्यालयाने ती विनाविलंब द्यावी, आणि तिच्या आधारे साठ दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येईल. वर बसलेल्या त्या माणसाला काहीतरी खटकले होते, हे उघड होते. त्याने दार किलकिले ठेवले होते. संपूर्ण जबाब बाहेर आला असता तर त्यात माझा उल्लेख होता. हिंगणीकर साहेबांनी मला आधीच सांगून ठेवले होते की डिप्लोमा तुमचा आहे.

मी पत्राची घडी घातली.

"एवढंच?" कचरूने विचारले.

"फेटाळलं आहे," मी म्हणालो.

"म्हंजी मी बोल्लो तेच लिव्हलं व्हतं, असं म्हणतेत?"

"शब्द तेच आहेत, असं म्हणतात."

त्याने पत्र माझ्या हातातून घेऊन खिशात ठेवले. मग म्हणाला, "मंग मलाच बोलता आलं न्हाई जणू." माझ्या पत्नीने आणलेला चहा त्याने उभ्यानेच प्याला. जाताना त्याने माझे पाय धरायला हात खाली नेला. मी मागे सरकलो. त्याला ते विनय वाटले असावे.

त्यानंतर तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाऊ लागला. मे महिन्याच्या शेवटी, तीर्थपुरीच्या आठवडी बाजारात, मी हॉटेलाबाहेरच्या बाकावर चहा घेत होतो. शेजारी पुंजाराम आणि आणखी चारसहा जण होते. गोजरबाई गर्दीतून सरळ माझ्याकडे आली. तिच्या हातात ते पत्र होते. मागून कचरू, डोक्याला रुमाल बांधलेला, तिला थांबवत होता.

"ऐकतीस का, बाजार हाये हा."

"बाजारच पायजे. गावानं आयकू दे." ती माझ्यासमोर उभी राहिली. "साहेब, भावाकडं जालन्याला गेल्ते. हा कागद संगं नेला. शेठजींना दाखिवलं. शेठजी म्हणले, बाई, यात साठ दिवस देल्ले व्हते. सारा जबाब मागून घ्या, पुन्हा अर्ज करा, असं लिव्हलंय. काहून केला न्हाई, म्हणले. आज एक्क्याऐंशी दिवस झाले. त्यांनी बोटावर मोजून दाखिवले."

बाकावरचे लोक आमच्याकडे वळले. पुंजारामने कप खाली ठेवला.

"यांनी तुमच्याकडून वाचून घेतलं," ती म्हणाली. "घरी येऊन मला सारं सांगितलं, शब्द न् शब्द. साठ दिवसाचं सांगितलं न्हाई. तुमी वाचलं का न्हाई, तेवढं सांगा. मला दुसरं काही नगं."

"अवं गोजर, येड लागलं का तुला?" कचरू पुढे झाला. "साहेबानं वाचलं न्हाई असं व्हईल का? शिकल्याला माणूस हाये. त्या दिवशी माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. फेटाळलं म्हणल्यावर माझे कान बंद झाले. मागून काय सांगितलं ते ध्यानातच राह्यलं न्हाई."

"तुमाला शेळीच्या वेताच्या तारखा ध्यानात राहतेत, आन् हे न्हाई राह्यलं?"

कोणीतरी हसले. कचरूही ओशाळून हसला. मग तो माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर विनंती होती. पण ती स्वतःसाठी नव्हती. मला भर बाजारात त्याच्या बायकोच्या तोंडी लागावे लागले, याची त्याला लाज वाटत होती.

"सांगा साहेब हिला. सांगितलं व्हतं ना तुमी, साठ दिवसाचं?"

अहवालात, अभिप्रायात, पत्र वाचताना, त्या वेळेपर्यंत माझ्याकडून एकही शब्द खोटा गेला नव्हता. या आधारावर मी कित्येक दिवस जेवलो होतो आणि झोपलो होतो. आताही मी 'जेवढं वाचलं तेवढं बरोबर वाचलं' असे म्हणू शकलो असतो. पण तसे म्हटले असते तर गोजरबाईने पुढचा प्रश्न विचारला असता. कचरूचा प्रश्न सरळ होता. त्याला एका शब्दाचे उत्तर पुरे होते.

"हो," मी म्हणालो. "सांगितलं होतं."

गोजरबाई माझ्याकडे पाहत राहिली. तिचा विश्वास बसला नाही, हे मला दिसले. कचरूने तिच्या हातातून पत्र घेतले, खिशात घातले आणि बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बघ. म्हणलं न्हाई मी? माझीच चूक व्हती."

पुंजारामने मान डोलावली. कचरू झोपला म्हणून बैल बुडाले, असे जे तो म्हणत आला होता, ते त्याला आता पुरते पटले.